द्यूतप्रतिपदा आणि ओवरीतले फासे

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, दिवाळीचा पाडवा म्हणतो. व्यापारी या दिवशी वहीपूजन करतात, सुवासिनी पतीला ओवाळतात, बळीचे राज्य यावे अशी प्रार्थना घरोघर होते. याच तिथीचे आणखी एक नाव मात्र आपण घरात सहसा उच्चारीत नाही. वाचनात आले तरी नजर पुढे नेतो. ते नाव द्यूतप्रतिपदा. शिवपार्वतींनी फासे मांडले, त्यात शंकर हरले आणि पार्वतीची सरशी झाली, अशी कथा पुराणांतून येते. म्हणून या दिवशी सकाळी द्यूत खेळावे, ज्याची जीत होईल त्याचे वर्ष सुखाचे जाते, असे व्रतग्रंथ सांगतात. ज्यांनी वेरूळचे एकविसावे लेणे, म्हणजे रामेश्वर लेणे, पाहिले असेल त्यांना ते शिल्प आठवेल. वर देव आणि देवी पटाला बसलेली, खाली नंदीशी गणांची चेष्टा चाललेली. ज्या शिल्पकाराने पाषाणात हा खेळ कोरला त्याला त्यात काही अमंगळ दिसले नसावे.

आम्हांस मात्र दिसत आले. गेली चाळीस वर्षे आम्ही नारदाच्या गादीवर उभे राहून सभापर्वाचे आख्यान लावतो, आणि उत्तररंगात फाशाला दूषणे दिल्याशिवाय आमची आरती होत नसे. फासा म्हणजे शकुनी, फासा म्हणजे द्रौपदीचे केस ओढणारा हात, असे आम्ही म्हणत आलो आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. यंदा त्या वाक्यांचा हिशेब आमच्याकडे मागितला गेला. तो कसा, हे वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

आमच्या क्षेत्रातील काही तरुण मुलामुलींनी दिवाळीच्या सुटीत देवळाची एक ओवरी दुपारच्या वेळी वापरावयास मागितली. कशासाठी, असे विचारता उत्तर आले, एका खेळासाठी. आणि त्या खेळात फासे असतात हे त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. झाले! देवळात फासे? मंडळींत कुजबूज झाली, आणि चाळीस वर्षांचे आमचे कीर्तन आमच्याच पुढ्यात ठेवून आम्हांस निर्णय विचारण्यात आला. न पाहता निषेध करणे सोपे होते. पण शास्त्राभ्यासाने एक खोड लावली आहे, की पूर्वपक्ष नीट ऐकल्यावाचून उत्तरपक्ष करू नये. म्हणून आम्ही एका मुलाच्या घरी जाऊन तीन तास त्या खेळापाशी बसलो.

खेळाचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. हा १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नामक लहानशा गावातून प्रथम प्रसिद्ध झाला; गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. यात पट असलाच तरी गौण. एक जण सूत्रधार होतो. त्याला ते डन्जन मास्टर म्हणतात. तो कथा सांगतो: अरण्य आले, पडका किल्ला आला, आत राक्षस आहे. उरलेले चौघे-पाच जण त्या कथेतील एकेक पात्र होतात आणि आपापल्या पात्राने काय केले ते बोलून सांगतात. म्हणजे जागच्या जागी रचले जाणारे आख्यानच म्हणा ना! जेथे कृती साधेल की फसेल हे अनिश्चित असते, तेथे फासा टाकतात. हे फासे चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचे असतात. वीस पैलूंचा फासा पाहून आम्हांस ते अगदी नवे खूळ वाटले होते. पण तसे नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ग्रीक अक्षरे कोरलेले वीस पैलूंचे प्राचीन ईजिप्शियन फासे आहेत. आपल्याकडील मोहेंजोदडोचे सहा पैलूंचे फासे तर त्यांहूनही कितीतरी जुने.

आमचे लक्ष गुंतले ते मात्र खेळ सुरू होण्याच्या आधीच, पात्र जन्माला घालण्याच्या विधीत. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: बळ, बुद्धी, विवेक, काटकपणा, चपळाई आणि छाप. मूळ १९७४च्या नियमांत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकावेत आणि बेरीज येईल तो अंक त्या गुणापुढे लिहावा, असे होते. अंक तीनपासून अठरापर्यंत येतो. क्रम बदलावयाचा नाही. बळाला पाच आले तर पाच. मग त्या सहा अंकांकडे पाहून आपण कोण व्हावयाचे ते ठरवावयाचे. बुद्धी आणि विवेक यांना दोन वेगळे गुण मानले आहेत, हे पाहून आम्हांस बरे वाटले. आपल्याकडे हा भेद शिकविण्यात शिक्षकांचे आयुष्य जाते.

येथे थोडे गणित सांगणे आवश्यक आहे. वाचकांनी कंटाळू नये. तीन फासे २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांत अठरा येण्याचा प्रकार एकच, तीन येण्याचाही एकच. दहा येण्याचे प्रकार २७, अकराचेही २७. नऊ ते बारा या चार अंकांतच २१६ पैकी १०४ प्रकार संपतात. म्हणजे जवळजवळ निम्मे जग मध्यम कोटीचे, आणि टोकाचा थोर अथवा टोकाचा दीन क्वचित. साही गुणांना अठरा यावेत अशी कोणाची इच्छा असेल तर त्याने जाणून असावे, की तशी शक्यता एकशे एक लक्ष कोटींहून अधिक प्रकारांत एकदा. ही मोजणी परकी नाही. पिंगलाचार्यांनी लघुगुरूंचे प्रस्तार मांडले आणि दहाव्या शतकात हलायुधाने त्यावर भाष्य करताना मेरुप्रस्तार विशद केला. त्या मेरूची सातवी ओळ घ्या: १, ६, १५, २०, १५, ६, १. पचिशीच्या सहा कवड्या टाकल्या असता एकही उताणी न पडण्याचा एक प्रकार, एक पडण्याचे सहा, दोन पडण्याचे पंधरा, आणि याप्रमाणे एकूण चौसष्ट. आमच्या आजीला छंदःशास्त्र ठाऊक नव्हते, पण तीन कवड्या वारंवार उताण्या पडतात हे तिला पक्के ठाऊक होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकपाश नावाचे प्रकरण याच जातीचे आहे. आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिला तो आपल्या खानदेशातील चाळीसगावाजवळच्या पाटण येथे.

असो. पूर्वरंग लांबला. परंतु फासा आणि गणित यांचे नाते सांगितल्याशिवाय नलाख्यानाचा अर्थ उघडत नाही, आणि नलाख्यानाशिवाय आमचा निर्णय उघडणार नाही.

नळ राजा पुष्कराशी फासे खेळून सर्वस्व हरला, हे सर्वांस ठाऊक आहे. आम्ही कीर्तनकार तेथेच जोर देतो. पण वनपर्वातील उत्तरार्ध आम्ही वेळेअभावी गुंडाळतो, आणि मर्म तेथे आहे. कर्कोटक नागाच्या दंशाने विद्रूप झालेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघे रथातून विदर्भाकडे निघाले असता वाटेत बेहड्याचे झाड लागते. हाच तो बेहडा, ज्याचे फळ आपल्या घरच्या त्रिफळा चूर्णात असते. वेदकाली याच फळांचे फासे होत. ऋतुपर्ण रथातूनच सांगतो, की या झाडाच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. बाहुकाला ते पटत नाही. तो रथ थांबवितो, झाड तोडतो, फळे मोजतो, आणि संख्या जुळते! तेव्हा राजा सांगतो, आपल्याला अक्षहृदय म्हणजे फाशाचे मर्म ठाऊक आहे आणि संख्येची विद्याही. अश्वहृदयाच्या बदल्यात तो ती विद्या नळाला देतो; आणि विद्या येताच कली नळाच्या देहातून बाहेर पडून त्या बेहड्यात शिरतो.

मुठीत घेतलेल्या फळांना चारांनी भागून काही उरले नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर आणि एक उरले तर कली, असा त्या जुन्या द्यूताचा उलगडा विद्वानांनी केला आहे. चार युगांची नावे ती हीच. ज्याला राशी पाहताच मोजता येते त्याला कली बाधत नाही, ही व्यासांची कथा आम्ही चाळीस वर्षे अर्धीच सांगितली. नळाला फासा टाकून देण्याचा उपदेश कोणी केलेला नाही. त्याने फासा शिकावा, असाच तेथील क्रम आहे. धर्मराजालाही वनवासात बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात आणि शेवटी अक्षविद्या देतात.

मग वाईट काय? पण लावणे वाईट. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त वाचावे: तेथील जुगाऱ्याची बायको दुरावली आहे, सासू तिरस्कार करते, घरी कर्ज आहे. सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्नही फाशाविषयी नाही. स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार काय, हा आहे. मनूने द्यूत राज्यातून घालवावयास सांगितले. कौटिल्याने ते सरकारी अध्यक्षाच्या देखरेखीखाली आणून जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच कर बसविला. दोघांची नजर पैशावर आहे. (शकुनीचे फासे बापाच्या हाडांचे होते, ही कथा व्यासांची नव्हे, लोकांतली आहे. ती आम्हीही रंगवून सांगितली आहे, हे कबूल करतो.) आणि ज्या राजसूयापाठोपाठ ते अनर्थकारक द्यूत झाले, त्या राजसूयाच्या विधीतच राजाच्या हाती पाच फासे देण्याचे विधान शतपथ ब्राह्मणात आहे.

त्या मुलांच्या खेळात पण नाही. दमडीही नाही. जिंकणारा नाही, हरणारा नाही. पाडव्याच्या निमित्ताने पत्त्यांवर पैसे लावून रात्र काढणारी प्रतिष्ठित घरे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांनी या मुलांकडे बोट दाखविण्याआधी आपला पाट पाहावा.

पण पैसा नाही एवढ्याने आम्ही अनुकूल झालो असतो तर हा लेख लिहावयाचे कारण नव्हते. त्या दुपारी एक वाद झाला, तो आमच्या मनातून जात नाही. सूत्रधार मुलाने जुनी रीत धरली होती: तीन फासे, क्रमाने, पडेल ते घ्यावयाचे. एका मुलाचे सर्व अंक सामान्य पडले. तो म्हणाला, पुन्हा टाकू द्या, अशा पात्राशी खेळून काय मजा? त्याचे म्हणणे निराधार नव्हते. स्वतः गायगॅक्स यांनीही १९७९च्या सूत्रधारांच्या ग्रंथात मत बदलले. दुबळी पात्रे फार काळ जगत नाहीत आणि नवखे खेळाडू खचतात असे म्हणून त्यांनी चार फासे टाकून त्यांतील सर्वांत लहान गाळण्याची सवलत दिली. त्याने अठरा येण्याचे प्रकार १२९६ पैकी सहांवरून एकवीस झाले. पुढे आणखी सोय झाली: फासाच नको, २०१४च्या नियमांत सत्तावीस गुणांची रक्कम हाती देऊन ती हवी तशी खर्च करण्याची मुभा आहे. जन्माचा बाजारहाट!

तेव्हा त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, “अरे, पुन्हा टाकता येणार असेल तर पहिल्यांदा टाकला तरी कशाला?” तिचे स्वतःचे अंक पडले होते बळ ५, बुद्धी ११, विवेक १६, काटकपणा ९, चपळाई १०, छाप ८. ती म्हणाली, मी म्हातारी पुजारीण होते, जिला स्वतःचे गाठोडे उचलवत नाही. आणि ती झाली! पडक्या किल्ल्यात एक दार अडकले. तिने वीस पैलूंचा फासा टाकला, सतरा पडले; दुर्बळतेचे तीन वजा झाले, चौदा उरले. दार उघडावयास पंधरा लागत होते. एकाने हुकले. सगळे हळहळले, ती मात्र हसून बाजूला झाली आणि म्हणाली, “तुम्ही ढकला, मी तोवर जमिनीवरच्या पावलांच्या खुणा बघते.” विवेकाचे तीन अधिक धरून तिचा फासा पुरला, आत कोण दडला आहे ते तिनेच ओळखले. आम्ही नकळत “वा!” म्हणून गेलो, जसे एखाद्या जाणत्या कथेकऱ्याला म्हणावे.

कारण हे सर्व आमच्या ओळखीचे होते. आपल्या आख्यानांत फासा पडल्यानंतर काय होते ते पाहा. पांडव अनुद्यूताचा एक डाव हरतात, आणि त्या डावातून त्यांना अज्ञातवासाचे सोंग मिळते. चक्रवर्ती युधिष्ठिर कंक होतो, तोही विराटाच्या पदरचा द्यूतपटू. भीम आचारी, अर्जुन बृहन्नडा, नकुल घोड्यांपाशी, सहदेव गाईंपाशी, द्रौपदी सैरंध्री. विराट रागाने कंकाच्या तोंडावर फासा फेकून मारतो, नाकातून रक्त येते, द्रौपदी ते पात्रात धरते. पण कंक आपले सोंग टाकीत नाही. नळाचा बाहुक होतो. जेजुरीच्या लोकगीतांतला खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात हरतो आणि बाणाईच्या वाड्यात बारा वर्षे मेंढरांमागे चाकरी करतो. देव झाला म्हणून त्यानेही दुसऱ्यांदा फासे टाकू द्या असे म्हटले नाही. या कथांत डाव क्षणात संपतो. कथा लांबते ती मिळालेले सोंग कसे वठविले त्याची.

वेदान्ती मंडळी येथे आक्षेप घेतील, की जन्माचे गुणदोष प्रारब्धाने येतात, फाशासारखे आंधळेपणाने नव्हेत. आक्षेप योग्य आहे. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याला आपण अदृष्ट म्हणतो ते आपल्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याचे फळ हाती येते तेव्हा ते फाशासारखेच येते. दृष्टान्त एकदेशी असतो. तो याहून पुढे ताणू नये. याज्ञवल्क्यांनी दैव आणि पौरुष यांना रथाच्या चाकांची उपमा दिली आहे. त्या मुलीच्या फाशात आम्ही दोन्ही चाके फिरताना पाहिली: सतरा हे दैव, वजा तीन हेही दैव, आणि “तुम्ही ढकला” हे पौरुष.

हे आम्हांस इतके का लागले, तेही सांगून टाकतो. आम्हांस देवाने गळा दिला नाही. कीर्तनकाराला गळा नसणे म्हणजे मल्लाला बळ पाच. आमचे गुरुजी साकी-दिंडी म्हणत तेव्हा मंडपाबाहेरची माणसे थांबत. आम्ही म्हणू लागलो की आतली उठत. तरुणपणी आम्ही देवाशी पुष्कळ भांडलो, पुन्हा एकदा टाक म्हणून. त्याने टाकला नाही. मग संस्कृत ग्रंथ उघडले, अर्थावर मेहनत घेतली, आणि लोक अर्थासाठी बसू लागले. हल्ली आमच्याकडे लेकरांना घेऊन आईबाप येतात. बुद्धी मिळो, रूप मिळो, गळा मिळो, परीक्षेत पहिला येवो. साही गुणांना अठरा हवेत. आम्ही आशीर्वाद देतो. एकशे एक लक्ष कोटींचा हिशेब त्यांना कसा सांगावा?

या खेळात सारेच आम्हांस रुचले असे नाही. माणसाच्या छापेला अंक देणे हास्यास्पद आहे. सोन्यासाठी राक्षस मारावा, हा हेतू आपल्या संस्कारांत बसत नाही. राक्षस मारावयाचा तो ऋषींच्या यज्ञासाठी. मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ चालतो असे कळले, त्यालाही आमचा विरोध आहे. पण १९८०च्या दशकात अमेरिकेतील काही धर्मनिष्ठ ख्रिस्ती मंडळींनी हाच खेळ सैतानाचा म्हणून त्याविरुद्ध रान उठविले होते. त्याने खेळ थांबला नाही. मुले घरच्यांपासून लपवून खेळू लागली, एवढेच झाले. आपल्या मुलांनी देवळाची ओवरी मागितली आहे, कोठला आडोसा नव्हे. फासे हातात घेऊन ती देवाच्या दारी आली, हे आम्हांस लहान वाटत नाही.

म्हणून आम्ही मंडळींस आमचे मत लेखी दिले. पाडव्याच्या दिवशी दुपारी तीन ते सायंकाळच्या धूपारतीपर्यंत उत्तरेकडील ओवरी मुलांना द्यावी. पण लावू नये. लावल्याचे दिसल्यास ओवरी बंद. आरतीची घंटा वाजताच फासे पिशवीत जावेत आणि मुलांनी सभामंडपात यावे. मंडळींपैकी दोघांचा विरोध अद्याप आहे; त्यांस आम्ही वनपर्वाची पोथी नेऊन दिली असून नलाख्यानाचा उत्तरार्ध वाचावयास सांगितले आहे. त्याच रात्री आमचे कीर्तन आहे. आख्यान नलदमयंतीचे, आणि या वेळी बेहड्याच्या झाडापाशी आम्ही रथ थांबविणार आहोत. त्या मुलीने आमच्यासाठी तीन फासे आणून ठेवले आहेत. गळ्याचा अंक टाकून पाहा, म्हणते. आम्ही अजून टाकले नाहीत.